बाबांना सांगायचं की नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटच्या आजारपणातल्या घरच्या शुश्रूषेबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. औषधांची नावं विचारणारी पत्रं थोडी आहेत. बहुतेकांनी लिहिलंय ते डॉक्टर काय बोलले, कुठे उभे राहून बोलले, कोणाशी बोलले आणि कोणाशी बोललेच नाहीत, याबद्दल. मी मूळची भूलतज्ज्ञ. पुढे पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करण्याचं शिक्षण घेतलं आणि आता सातारा-कोरेगाव भागात घरोघरी जाऊन तेच काम करते. पत्रलेखकांची नावं काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले, वय ७१. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. डॉक्टरांनी मला आणि माझ्या मिस्टरांना केबिनबाहेर बोलावून सांगितलं, “आता पुढे काही नाही. घरी न्या, सेवा करा.” बाबा तेव्हा आत स्टुलावर बसले होते. भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, बाबांना अजिबात कळू द्यायचं नाही, ते खचतील. त्यामुळे घरात आम्ही सगळे ‘अल्सर’ म्हणतो. परवा रात्री पाय चेपताना बाबांनी विचारलं, “बाळे, मी यातून उठणार का गं?” मी म्हटलं, “असं काय बोलता, पुढच्या महिन्यात पंढरपूरला जाऊ.” ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं तर मी काय सांगू?
— एक मुलगी, कराड

उत्तर : ताई, बाबांनी हा प्रश्न रात्री विचारला, घर झोपल्यावर विचारला आणि तुम्हाला विचारला. डॉक्टरांना नाही, जावयाला नाही, फोनवर मुलालाही नाही. ते पुन्हा विचारतील, आणि तेव्हा लगेच उत्तर द्यायची घाई करू नका. पाय चेपता चेपताच उलट विचारा, “बाबा, तुम्हाला काय वाटतंय?” आणि मग थांबा. मध्ये दुसरं वाक्य घालू नका, ‘बरे व्हाल’ म्हणू नका, उठून पाणी आणायला जाऊ नका. ते थांबणं फार अवघड असतं. पण पुढचं सगळं त्या थांबण्यावर अवलंबून आहे.

ते कदाचित म्हणतील, “मला वाटतंय, हे काही खरं नाही.” तेव्हा ‘छे, छे’ करू नका. “डॉक्टरही तसंच म्हणतात बाबा. आजार जाणारा नाही. पण दुखणं कमी करता येतं आणि मी इथेच आहे,” एवढं पुरतं. रिपोर्टातलं प्रत्येक वाक्य सांगावं लागत नाही. किंवा ते म्हणतील, “जाऊ दे, तुम्ही बघताय ना, मग झालं.” तेही त्यांचं उत्तर आहे आणि त्याचाही मान ठेवायचा. जाणून घ्यायचा हक्क त्यांचा, तसा न जाणण्याचाही त्यांचाच. पण त्यांच्या वतीने ते दुसऱ्या कुणी परस्पर ठरवून टाकावं, हे मला मान्य नाही. ज्याचं आयुष्य आहे त्याला निदान विचारलं तरी पाहिजे.

बाबांना काहीच माहीत नाही, या समजात राहू नका. पँटला नवीन भोक पाडावं लागलंय, डोळे पिवळे झालेत, दवाखान्याच्या खेपा अचानक थांबल्यात, अमेरिकेतला मुलगा दिवसातून दोनदा फोन करतोय आणि लेक सासर सोडून माहेरी येऊन राहिलीय. एसटीत तीस-पस्तीस वर्षं रोज माणसं पाहिलेल्या माणसाला एवढ्यावरून कळतं. मी ज्या घरांत जाते त्यांतल्या बहुतेक घरांत रुग्णाला ठाऊक असतं, घरच्यांना ठाऊक असतं आणि दोघं एकमेकांपासून लपवत असतात. त्या लपवालपवीत माणूस भरल्या घरात एकटा पडतो.

कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याचं सांगते. तोंडाचा कॅन्सर, बोलणं जवळपास बंद. मुलांनी दारातच मला बजावलं, “मॅडम, आबांपुढे कॅन्सरचं नाव काढू नका.” आबा रात्र रात्र तळमळायचे. घरच्यांना वाटे दुखतंय, म्हणून झोपेच्या गोळ्या वाढत चालल्या होत्या. मी खाटेशेजारी बसले, जखम पाहिली, ड्रेसिंग केलं आणि विचारलं, “आबा, आजाराबद्दल तुम्हाला किती सांगितलेलं चालेल? सगळं सांगू, थोडं सांगू, की मुलांशीच बोलू?” त्यांनी नातवाची पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, “मला ठाव हाय.” ते पुसलं आणि खाली लिहिलं, “सोसायटीचे कागद ट्रंकेत. थोरल्याला माहीत न्हाय.” विकास सोसायटीचं पीककर्ज आणि भावकीतल्या एकाचे हातउसने पैसे, दोन्ही गोष्टी घरात कुणालाच माहीत नव्हत्या. कित्येक आठवडे ते हे सांगायला माणूस शोधत होते. आणि खोलीत जो येई तो ‘आबा, तुम्ही ठणठणीत होणार’ म्हणून निघून जाई. त्या संध्याकाळी ट्रंक उघडली, थोरला खाली बसून कागद वाचत राहिला, आबा बोटाने रकमा दाखवत होते. झोपेच्या गोळ्या पुढे कमी झाल्या.

तुमच्या बाबांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित कर्ज असेल, कुणाशी तुटलेलं बोलणं असेल, कदाचित खरंच पंढरपूर असेल. पंढरपूर असेल तर पुढचा महिना कशाला? अंगात बसण्याइतकी ताकद आहे तोवर याच आठवड्यात गाडी करा. दुखण्याची गोळी निघण्यापूर्वी द्या, मागच्या सीटवर गादी घाला, रांगेचा आग्रह धरू नका, कळसाचं दर्शन घेऊन या.

भावावर रागावू नका. लांब असलेल्या मुलाला हाताने काहीच करता येत नाही, म्हणून तो निदान बातमी तरी अडवून धरतो. डॉक्टरांच्या समोर बसून त्याला व्हिडिओ कॉल लावा. त्याला विचारा, “बाबांना कळलं तर काय होईल अशी तुला भीती वाटते?” त्याचं पूर्ण ऐकून घ्या. बहुतेकदा ‘ते खचतील’च्या आत ‘मी खचेन’ असतं, आणि ते एकदा बोललं गेलं की माणूस जरा सैल होतो. त्याला यायचं असेल तर आत्ता यायला सांगा, बाबा बोलू शकतात तोवर.

आता त्या डॉक्टरांच्या वाक्याबद्दल. ‘पुढे काही नाही’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकते की त्याचा मला संताप येतो. केमो देऊन उपयोग नाही, एवढंच त्यात खरं आहे. पोटातलं पाठीपर्यंत जाणारं दुखणं, कावीळीची खाज, मळमळ, बद्धकोष्ठ, रात्रीची भीती, या प्रत्येकावर करण्यासारखं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. तुमचे डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. बाहेर रांग असते आणि हे बोलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तेव्हा तुम्हीच परत जा आणि कागदावर लिहून नेऊन विचारा. दुखण्यासाठी काय द्यायचं, रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा, पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्याल का. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात याचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालू आहे, तिथे पैसे घेत नाहीत आणि घरच्या माणसाला रुग्णासोबत राहता येतं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, तो देशातला पहिला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारी जागा. कराडहून वारजे महामार्गाने सरळ आहे.

प्रश्न : मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचा रेसिडेंट आहे. रात्री वॉर्डात मी आणि एक इंटर्न असतो. ‘पेशंट सिरीयस आहे, काहीही होऊ शकतं’ असं केसपेपरवर लिहून नातेवाइकांची सही घेतो. पण प्रत्यक्ष सांगायची वेळ आली की तोंडाला कोरड पडते. मागे एकाने माझी कॉलर धरली होती. वाईट बातमी सांगायची पद्धत काय?
— एक डॉक्टर, मराठवाडा

उत्तर : डॉक्टर, तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णसंवादाचा भाग आलाय, पण वॉर्डात रात्री दोन वाजता काय करायचं ते सीनियरकडे पाहूनच शिकलं जातं, आणि सीनियरही उभ्या उभ्याच बोलत असतात.

म्हणून पहिली गोष्ट, बसा. स्टूल नसेल तर रिकाम्या खाटेच्या कडेवर बसा आणि नातेवाइकांनाही बसवा. जिन्यात, लिफ्टसमोर, चालता चालता मृत्यूबद्दल बोलू नका. फोन इंटर्नच्या हातात द्या. बसून पाच मिनिटं बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं, उभ्याने पंधरा मिनिटं बोललेलं राहत नाही. शक्य असेल तर ड्यूटीवरच्या सिस्टरना सोबत घ्या. तुम्ही पुढच्या पेशंटकडे गेल्यावर नातेवाइकांना सिस्टरच तोंड देतात, तेव्हा काय सांगितलं गेलं ते त्यांनी ऐकलेलं असलं पाहिजे.

मग आधी त्यांना बोलू द्या. “तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?” असं विचारा. कुणी म्हणेल, “डेंग्यू आहे म्हणाले.” कुणी म्हणेल, “पाणी झालंय छातीत, काढलं की बरं होईल.” ते कुठे उभे आहेत हे कळल्याशिवाय तुम्ही पुढचं पाऊल कुठे टाकणार? नंतर एक वाक्य इशाऱ्याचं, “मला जे सांगायचंय ते जड आहे.” त्यानंतर मुख्य गोष्ट, साध्या मराठीत, एका दमात. सेप्सिस, मल्टीऑर्गन, सॅच्युरेशन हे शब्द त्या क्षणी कुणालाही कळत नाहीत. “त्यांच्या किडन्या आणि फुप्फुसं दोन्ही थकली आहेत. आम्ही औषधं देतोय, पण शरीर साथ देत नाही. ते यातून वाचतील असं मला वाटत नाही.” आणि गप्प बसा. रडू द्या. पाणी द्या. त्या वेळात फाईल चाळू नका.

‘किती दिवस?’ हा प्रश्न येतोच. आकडा सांगू नका, पण टोलवूही नका. महिने आहेत, आठवडे आहेत की दिवस, एवढं सांगता येतं. “आज-उद्याची गोष्ट आहे, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा,” हे वाक्य वेळेवर मिळालं म्हणून एखादी लेक लातूरहून रात्रीच्या गाडीने पोहोचते. ते न मिळाल्याचं दुःख लोक वर्षानुवर्षं उराशी धरून बसतात.

कॉलर धरली गेली ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. पण असे प्रसंग मी जवळून पाहिलेत आणि त्यातल्या बहुतेकांत सही घेतलेली होती, बोलणं झालेलं नव्हतं. सहीचा कागद तुमच्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नाही. दाखल झाल्याच्या पहिल्या संध्याकाळीच दहा मिनिटं द्या, घरातलं एक माणूस ठरवून घ्या जे रोज तुमच्याशी बोलेल, आणि रोज ठरलेल्या वेळी थोडं तरी बोला, बदल नसला तरी. मग शेवटची बातमी आभाळातून पडल्यासारखी येत नाही. रुग्ण शुद्धीत असेल तर हे सगळं आधी त्याच्याशी, हे विसरू नका. राउंडला त्याच्या डोक्यावरून पायथ्याशी उभ्या मुलाशी बोलायची आपल्याकडे फार सवय आहे.

मृत्यू झाल्यावर ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ने सुरुवात करू नका. त्यांच्या माणसाचं नाव घ्या, आणि ते गेले, असं स्पष्ट सांगा. बिल, कागद, शववाहिका हे सगळं थोडं थांबू शकतं. नळ्या काढा, तोंड पुसा, चादर नीट करा आणि मग घरच्यांना आत बोलवा. आणि सकाळी ड्यूटी संपल्यावर हे कुणाशी तरी बोलून मोकळे व्हा. तुम्हीही माणूसच आहात.

प्रश्न : मिसेसना स्तनाचा कॅन्सर आहे, मणक्यात पसरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत. ओळखीचे एक मेडिकलवाले म्हणाले, ‘ही शेवटची गोळी, सवय लागते, माणूस झोपेतच जातो.’ त्यामुळे गोळ्या कपाटात ठेवल्यात. ती रात्रभर कण्हते.
— एक वाचक, सांगोला

उत्तर : भाऊ, गोळ्या कपाटातून काढा आणि डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे आजपासून द्या. शंका असेल तर आत्ता डॉक्टरांना फोन करा, मेडिकलवाल्यांना नको.

मॉर्फिन हे आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून देत नाहीत, दुखणं किती आहे त्यावरून देतात. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्याची शिफारस केली. महिनोन्‌महिने ते घेऊन घरात हिंडणारी, नातवंडांना शाळेत सोडणारी माणसं माझ्याकडे आहेत. थोड्या मात्रेने सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवत नेलं तर श्वास थांबत नाही. दुखण्यासाठी, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणंही फार क्वचित. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळ होईल, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याची गोळी रोज सोबत हवीच. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून दुखायला लागल्यावर नाही, घड्याळाकडे पाहून द्यायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. मणक्यात आजार आहे म्हणून एक विशेष सांगते. पायांतली शक्ती गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून हे औषध होतं. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या जाचामुळे वर्षानुवर्षं ते रुग्णापर्यंत पोचतच नव्हतं. २०१४ मध्ये कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. एवढ्या खटपटीनंतर तुमच्या घरापर्यंत आलेली गोळी भीतीपोटी कपाटात पडून राहू नये. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : सासूबाई ८४ वर्षांच्या. महिनाभर अंथरुणाला खिळून आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस राहिलेत. आठ दिवसांपासून खाणं बंद आहे, चमचाभर पेज दिली तरी ओठ मिटून घेतात. नणंदा म्हणतात सलाइन लावा, नळी घाला. भेटायला येणारे विचारतात, “काय गं, खायला घालत नाहीस काय?” आम्ही त्यांना उपाशी मारतोय का?
— एक सून, बार्शी

उत्तर : नाही. हे तुम्ही नणंदांनाही वाचून दाखवा.

शेवटच्या दिवसांत शरीर आवराआवर करू लागतं, तेव्हा भूक आधी जाते. खाणं थांबलं म्हणून मृत्यू येतोय असं नसतं, मृत्यू जवळ आलाय म्हणून खाणं थांबतं. त्या वेळी पोटात ढकललेलं अन्न पचत नाही. गिळण्याची ताकद नसताना भरवलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि ठसका, धाप, न्यूमोनिया होतो. सलाइनचं पाणी पायांवर सूज आणतं, छातीत साठतं, घशातली घरघर वाढवतं. दोन्ही हात टोचून निळे झालेले असतात आणि त्या बाईंना मिळत काहीच नाही.

आपल्याकडे माया ताटातूनच दाखवायची पद्धत आहे, म्हणून हे सगळ्यांना इतकं लागतं. तेव्हा हात दुसऱ्या कामाला लावा. तोंड कोरडं पडतं, तो खरा त्रास. स्वच्छ मऊ फडकं बोटाला गुंडाळून, पाण्यात भिजवून, पिळून घ्या आणि हिरड्या, जीभ, गालाच्या आतून हलकेच पुसा, दिवसातून चार-सहा वेळा तरी. ओठांना तूप लावा. मागितलं तर डोकं थोडं उचलून चमच्याच्या टोकाने घोट द्या, आवडीचं द्या, चहा असला तरी चालेल. दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला वारं लागू द्या. घशात घरघर सुरू झाली तर एका कुशीवर वळवा. ऐकायला भयंकर वाटते, पण बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाला बहुधा ती जाणवत नाही. कमी करायला औषधही असतं. तुळशीपत्र आणि गंगाजलाचा थेंब ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, फक्त थेंबच. त्यांच्याशी बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे दहाव्या-तेराव्याच्या चर्चा त्यांच्या उशाशी नकोत, हे पाहुण्यांना सांगायचं काम मुलांनी करावं, सुनेवर टाकू नये.

नणंदांना एकेक दिवस आईजवळ राहायला बोलवा आणि तोंड पुसायचं काम त्यांच्या हातात द्या. डॉक्टरांना विनंती करा की ‘सलाइनने त्रास वाढेल’ हे त्यांनीच सगळ्यांसमोर, घरी येऊन किंवा फोनच्या स्पीकरवर सांगावं. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यांत आपल्याकडे जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि हा भार तुम्ही एकटीने उचलावा असं मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७६, तब्येत बरी आहे. पत्नी शेवटचे तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होती. तिला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून लिहून ठेवायचं आहे. मुलगा म्हणतो, असलं अभद्र बोलू नका. कायद्याने हे चालतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चालतं, गुरुजी. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच, अटी घालून, कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला, म्हणजे लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं घाला, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तुमच्या बाबतीत नगरपरिषदेत. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर राज्यात असे अभिरक्षक, म्हणजे ही प्रत सांभाळणारे अधिकारी, नेमले गेले. कारकुनाला माहीत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना भेटा.

हा कागद केव्हा वापरला जातो? आजार बरा न होणारा असेल आणि तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नसाल तेव्हाच. त्यासाठीही रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ मत देतं, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत द्यावं असं न्यायालयाने सांगितलंय. शुद्धीत आहात तोवर तुमचा शब्दच चालतो आणि कागद केव्हाही बदलता येतो. वेदनेवरचे उपचार यामुळे थांबत नाहीत, तसं त्यात स्पष्ट लिहाही.

पण नोटरीकडे जाण्याआधी मुलासमोर बसा. तुम्ही त्याला कदाचित ‘मी मरेन तेव्हा’ असं म्हणालात. त्याऐवजी आईच्या त्या तीन आठवड्यांपासून सुरू करा. “आयसीयूच्या काचेबाहेर तुला काय वाटत होतं?” हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसेल. मग तुमचं सांगा, बारकाव्यांसह. शुद्ध येणार नसेल तर व्हेंटिलेटर नको. न्यूमोनिया झाला आणि अँटिबायोटिकने बरा होणार असेल तर दाखल करा. शेवटी घरी न्या, पडवीत खाट टाका, समुद्राकडचं वारं येतं तिथे. जे काही तुमचं असेल ते. कागदावर सगळं मावत नाही. ऐन वेळी डॉक्टर मुलाकडेच वळून विचारणार, “वडिलांना काय आवडलं असतं?” त्याला तेव्हा तुमचं उत्तर आठवलं पाहिजे.

प्रश्न : आईचं शेवटचं सगळं घरीच व्हावं अशी तिची इच्छा आहे. पण घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, पोलीस येतील का, या भीतीने मोठा भाऊ शेवटच्या क्षणी ॲडमिट करायचं म्हणतो.
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आजाराने घरी आलेला मृत्यू हा नैसर्गिक मृत्यू आहे, त्यात पोलिसांचं काम नाही. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ, आणि त्यासाठी पैसे आकारायचे नसतात. त्यावरून २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद करायची. उलट श्वास थांबल्यावर घाबरून रुग्णवाहिकेने मोठ्या दवाखान्यात नेलं की ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद होते, तिथे आईला कुणी ओळखत नसतं आणि शवविच्छेदनाचा विषय निघतो.

म्हणून आईला तपासायला घरी येऊ शकतील अशा जवळच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. आईची फाईल दाखवा, त्यांना एकदा घरी आणा, आईची इच्छा तिच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या आणि सरळ विचारा, “रात्री-बेरात्री झालं तर तुम्ही येऊन दाखला द्याल ना?” ‘नाही’ म्हणाले तर दुसरे शोधायला अजून वेळ आहे. ‘हो’ म्हणाले तर त्यांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा आणि मोठ्या भावाला त्यांच्याशी स्वतः बोलू द्या. त्याची भीती कागदाची आहे, आणि कागदाची सोय होते.